काळ्या मातीत गोडाऊन: रोलर आणू का पाईल मारू?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे की जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावच्या पुढे रस्त्याला लागून ४० बाय १०० फुटाचं कापसाचं गोडाऊन बांधायचंय, प्लॉट एन ए (बिगरशेती) झालाय पण दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिथं कपाशीच होती, शेजारच्याच्या गोडाऊनची फरशी एका पावसाळ्यात फुगून फुटली म्हणून तुम्ही घाबरलेत, आणि तीन जणांनी तीन मशीनं सांगितलीत. एक म्हणतो १० टनी रोलर फिरवला की विषय संपला, दुसरा म्हणतो ग्राऊटिंग करून घ्या, तिसरा म्हणतो पाईलशिवाय, म्हणजे जमिनीत खोल भोक मारून भरलेल्या काँक्रीटच्या खांबांशिवाय, पर्याय नाही. यातलं कुठलं मशीन भाड्यानं घेऊ असं विचारताय.

तिघंही आपापल्या जागी खोटं बोलत नाहीत, पण ज्याच्याकडे जे मशीन तो तेच विकून राहिलाय. मी अमळनेर-पारोळा-एरंडोल पट्ट्यात अठ्ठावीस वर्षं हेच करतोय, आधी दुसऱ्याच्या हाताखाली आणि मग स्वतःच्या जबाबदारीवर, आणि काळ्या मातीत माझं जे काही नुकसान झालं ते मशीन लहान पडलं म्हणून कधीच झालं नाही. पाण्याचा हिशोब चुकला म्हणून झालं. म्हणून आधी माती, मग पाणी, मग मशीन, याच क्रमानं लिहितो, जरा लांबेल.

आपले आजे-पणजे गाव कुठं वसवायचे बघा. घरं पांढरीत आणि शेती काळीत. गावठाणाची पांढरी माती फुगत नाही म्हणून दोन-दोन मजली धाब्याची घरं शंभर वर्षं उभी राहिली, पायात सिमेंटचा कण नसताना. आता पांढरीत जागा उरली नाही, सगळे एन ए प्लॉट काळीत पडताहेत आणि आपण तिथं पांढरीतलाच पाया घालतोय, तीन फूट खड्डा, डबर, पीसीसी (सळईशिवायचं साधं काँक्रीट), झालं. आमचा एक म्हातारा गवंडी होता, तो अहिराणीत म्हणायचा, "भाऊ, हाई काळी माटी कोणलेच सोडत नही."

कारण काय तर ही माती आपल्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन झालेली, तिच्यात माँटमोरिलोनाईट नावाचं खनिज भरपूर. त्याच्या पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरलं की पापुद्रे लांब होतात, पाणी गेलं की जवळ येतात. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा दिसतात ना, तेवढीच माती जुलैमधे परत फुगते. फुगताना जोर किती लावते तर चौरस मीटरला १० टनांच्या पुढेही जाते. आणि तुमची सहा इंची काँक्रीटची फरशी चौरस मीटरला वजन किती देते? ३६० किलो. म्हणजे बैलाच्या पाठीवर पोळ्याची झूल टाकल्यासारखं आहे, बैलाला कळतही नाही. पत्र्याचं शेड तर आणखी हलकं. लोकांना वाटतं जड बिल्डिंगला धोका जास्त, काळ्या मातीत उलटं आहे, तीन मजली घरापेक्षा कंपाउंड वॉल, शेड आणि फरशी आधी फुटते.

म्हणून पहिलं काम, मशीन नाही, खड्डा. जेसीबी दोन तासासाठी बोलवा आणि प्लॉटच्या दोन कोपऱ्यात आणि मधोमध असे तीन खड्डे १० फुटापर्यंत मारा. मुरूम किती फुटावर लागतो ते बघायचं. तीन खड्डे यासाठी की आपल्याकडे जमीन एकसारखी नसते, धुळे-साक्री-नंदुरबारकडे तर काळ्या खडकाच्या उभ्या भिंती जमिनीतून गेलेल्या आहेत, डाईक म्हणतात त्याला, एका कोपऱ्यात चार फुटावर पहार वाजते आणि पन्नास फुटावर दुसऱ्या कोपऱ्यात बारा फूट काळीच काळी. आणि तापीच्या उत्तरेला चोपडा-यावल-रावेरकडे गेलात तर सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत गाळच इतका खोल की मुरूम बघायला मिळेल याची आशाच सोडा. खड्ड्यात स्वतः उतरू नका हं, काळ्या मातीत आत तिरप्या गुळगुळीत भेगा असतात, वरून भिंत टणक दिसते आणि अख्खा तुकडा सरकून अंगावर येतो. माती बकेटमधून वर घ्या आणि वर बघा. जुनी बुजवलेली विहीर आहे का ते पण शेताच्या जुन्या मालकाला विचारा, सातबाऱ्यावर नोंद सापडते कधी कधी, अशा विहिरीवर कॉलम आला तर पुढचं सगळं वाया.

जर तिन्ही खड्ड्यात पाच-सहा फुटावर खरा मुरूम लागला तर तुम्ही नशीबवान, कॉलमचे फुटिंग मुरमात बसवा आणि पाईलवाल्याला चहा पाजून परत पाठवा. खरा मुरूम म्हणतोय, पिवळट शाडूला मुरूम समजू नका, पाण्यात टाकलेलं ढेकूळ दहा मिनिटात विरघळलं तर तो मुरूम नाही.

आता मातीची परीक्षा. लॅबमधे द्याच, पण एक टेस्ट इतकी सोपी आहे की मी ती ऑफिसच्या खिडकीत करतो. माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीतून चाळायची, ४२५ मायक्रॉनची चाळणी लागते. १०-१० ग्रॅमचे दोन भाग. १०० मिलीच्या दोन काचेच्या नळ्या, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. माती टाकून काडीनं हलवून हवा काढायची आणि २४ तास ठेवून द्यायची. रॉकेलमधे माती फुगत नाही, पाण्यात फुगते. मागच्या वर्षी एरंडोलच्या एका प्लॉटची माती ठेवली होती, रॉकेलच्या नळीत ११ वर बसली आणि पाण्याच्या नळीत १९ वर. ८ चा फरक भागिले ११, म्हणजे ७३ टक्के. याला फ्री स्वेल इंडेक्स म्हणतात. २० च्या आत असेल तर फुगण्याची भीती कमी, ३५ च्या वर गेलं की सावध आणि ५० च्या वर ती माती भराव म्हणून हायवेवालेही घेत नाहीत. मालकाला रिपोर्ट दाखवून जे समजत नाही ते त्या दोन नळ्या शेजारी ठेवल्या की एका मिनिटात समजतं.

आणि एक फसवणूक, जी मुद्दाम कोणी करत नाही पण होते. मे महिन्यात प्लेट लोड टेस्ट. वाळूच्या गोण्या नाहीतर भरलेला डंपर वर ठेवून जॅकनं प्लेट दाबतात, आणि वाळलेली काळी माती विटेसारखी कडक असते, रिपोर्ट असा झकास येतो की मालक खुश. एसपीटी म्हणजे स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट, तिचंही तसंच, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पडतो, शेवटच्या ३० सेंटिमीटरला किती ठोके लागले ते मोजतात, वाळलेल्या मातीत ठोके भरपूर येतात. तीच जागा सप्टेंबरमधे तपासा, निम्मंही येणार नाही. शिवाय छोट्या प्लेटचा दाब खाली प्लेटच्या रुंदीच्या दीड-दोन पटीपर्यंतच पोचतो, फूटभराच्या प्लेटनं दोन फुटाखालचं काही कळत नाही. टेस्ट करायचीच तर भिजवून करा.

आता तुमच्या तीन मशीनवाल्यांकडे येतो.

ग्राऊटिंगवाल्याला आधी निकाली काढतो. सिमेंटचा घोळ दाबानं जमिनीत सोडायचा तर आत जायला वाट पाहिजे. फुटलेला खडक, गिट्टी, डबर, मोकळा भराव, बुजवलेली विहीर, इथं ग्राऊट पंप सोन्यासारखं काम करतो, धरणाच्या पायात तेच वापरतात. पण चिकण मातीची छिद्रं सिमेंटच्या कणापेक्षा बारीक, घोळ मातीत मुरतच नाही, मोठ्या भेगेतून कुठंतरी पळून जातो आणि तुम्ही पोत्यांचे पैसे देता. जेट ग्राऊटिंग म्हणून वेगळा प्रकार आहे, त्यात ४०० बारच्या आसपास दाबाच्या धारेनं माती कापून सिमेंटमधे कालवतात, ते मातीतही चालतं, पण ते मेट्रोसारख्या कामाचं, गोडाऊनला परवडणारं नाही. स्टोन कॉलमचंही कोणी सांगेल, व्हायब्रो मशीननं भोक पाडून गिट्टी ठोकून भरायची. मऊ, पाण्यानं भरलेल्या गाळाला उत्तम, खाडीकाठी बंदरांना वापरतात. आपल्या कोरड्या फुगणाऱ्या मातीत गिट्टीचा खांब म्हणजे पावसाच्या पाण्याला खाली उतरायला केलेला पाईप. हीच चूक लोक वाळू भरून करतात, काळी माती काढली आणि वाळू भरली, वाटतं वाळू फुगत नाही म्हणजे झालं, पण तो वाळूचा हौद पाणी धरून ठेवतो आणि खालच्या मातीला वर्षभर पाजत राहतो.

राहिले रोलर आणि पाईल. माझं उत्तर असं की मुरूम खोल निघाला तर तुम्हाला दोन्ही लागतील, पण दोन वेगळ्या कामांना. कॉलमचा प्रश्न वेगळा आणि फरशीचा प्रश्न वेगळा, आणि शेजारच्या गोडाऊनमधे हेच एकत्र झालंय असा माझा अंदाज, तुम्ही लिहिलंय की कॉलम सरळ आहेत आणि फरशी फुटली, म्हणजे पाया बहुतेक ठीक आहे, फरशीखाली काळीच दाबलीय.

पाईलचं आधी. मुरूम खोल असेल तर अंडररीम पाईल, खाली फुगा काढलेला पाईल. रुरकीच्या सी बी आर आय नं, म्हणजे केंद्रीय बांधकाम संशोधन संस्थेनं, हा आपल्या काळ्या मातीसाठीच बसवला आणि गंमत म्हणजे याला मोठं मशीन लागतच नाही. हाताचा स्पायरल ऑगर, जोडायचे रॉड, भोक सरळ राहावं म्हणून वर बोरिंग गाईड, आणि फुगा काढायचा अंडररीमर ज्याला उघडणारी पाती आणि खाली माती जमा व्हायला बादली असते. चार माणसं, बैलाच्या चरकाला फिरावं तशी दांडीभोवती फिरतात. खोली किंवा व्यास वाढला तर तिकाटणं आणि हाताची विंच. १२ इंची पाईल असेल तर फुगा ३० इंची, म्हणजे अडीच पट. खोली कमीत कमी साडेतीन मीटर, कारण पावसाळा-उन्हाळ्याचा खेळ वरच्या तेवढ्या थरातच चालतो, फुगा त्याच्या खाली गेला की वरची माती पाईलला उचलू बघते आणि खालचा फुगा नांगरासारखा धरून ठेवतो.

फुगा झाला का नाही हे वरून दिसत नाही, इथंच चोरी होते. अंडररीमर खाली टेकवून दांडी दाबत फिरवली की पाती उघडतात, माती कापून बादलीत पडते, बादली भरली की वर काढून रिकामी करायची, परत खाली. पंधरा-वीस वेळा होतं हे, कंटाळवाणं काम आहे. पूर्ण उघडल्यावर दांडी हलकी फिरायला लागते आणि बादली जवळजवळ रिकामी वर येते, हाताला लगेच कळतं. मी तरी एल आकाराची सळई वाकवून खाली सोडतो आणि चारी बाजूला फिरवून बघतो, आडवा पाय भिंतीला कुठं टेकतो ते. बादल्या मोजायला एक पोरगा बसवा, ज्या पाईलला पाचच बादल्या निघाल्या त्या पाईलला फुगा नाही, मिस्त्री काहीही सांगो.

आणि ट्रॅक्टरच्या पीटीओला लावलेलं खड्डे मारायचं मशीन, डाळिंबाचे खड्डे आणि तारेच्या कंपाउंडचे पोल याच्यासाठी जे येतं, ते घेऊन कोणी "पाईल मारून देतो" म्हणाला तर नमस्कार करा. ते तीन-चार फूट जातं. त्या खोलीचा पाईल म्हणजे काळ्या मातीनं वर उचलायला दिलेला खुंटा. ट्रॅक्टर किंवा जेसीबीवर बसवलेला हायड्रॉलिक ऑगर वेगळा, तो खोल जातो आणि भोक पटापट मारतो, फक्त फुगा काढायची सोय त्याच्यात आहे का ते आधी विचारा, नसेल तर भोक मशीननं आणि फुगा हातानं, हे जोडकाम मी बऱ्याच वेळा केलंय आणि सगळ्यात बरं पडतं. भोक त्याच दिवशी भरायचं, रात्रभर उघडं ठेवायचं नाही, आणि काँक्रीट वरून धो धो ओतायचं नाही, फनेल लावा. भोकात पाणी आलं तर ट्रेमी पाईप खालपर्यंत सोडून भरा.

पाईलच्या वरचा बीम जमिनीला टेकू देऊ नका. जमीन आणि बीमच्या तळामधे ८० मिलिमीटर तरी मोकळी जागा पाहिजे, तिथं माती फुगायला जागा. हे ड्रॉइंगवर असतं आणि साइटवर कोणीतरी शहाणा "पोकळ राहिलं" म्हणून माती ठोकून भरून टाकतो. पाईलचे सगळे पैसे त्या एका टोपलीत गेले.

आता फरशी, आणि इथं तुमचा रोलर. पण त्याआधी माझी चूक सांगतो, कारण तुम्ही तीच करायच्या बेतात आहात.

२०११ चा मे. एका जिनिंगवाल्याचं शेड होतं, भडगावकडे, मला घाई, मालकाला घाई, पावसाच्या आत फरशी पाहिजे. वरची पीक-मुळांची माती खरडून काढली आणि खालच्या काळ्या मातीवर १० टनी व्हायब्रो रोलर दोन दिवस फिरवला. पाणी मारलं नाही कारण टँकर मिळेना आणि ४५ डिग्रीत मारलेलं पाणी डोळ्यादेखत वाफ होत होतं. जमीन अशी बसली की पहार मारली तर उडत होती, मी तिच्यावर फोटो काढला होता हो. वर नऊ इंच मुरूम, पीसीसी, ट्रिमिक्स (पंपानं जादा पाणी शोषून काढलेली) फरशी. पहिल्या पावसात कडा उचलल्या, शटर बंद होईना. मी म्हटलं पागोळीचं पाणी आहे, पन्हळ लावली, कडा तासून दिल्या. दोन वर्षांनी मधलं पोट वर आलं, अडीच इंच, फरशीवर बादली ओतली तर पाणी चारी भिंतींकडे पळायचं. फोडून बघितलं तर खाली माती ओली, लोण्यासारखी. पाऊस तिथं पडलाच नव्हता, पण वर झाकण बसलं की जमिनीतला ओलावा वाफ होऊन बाहेर जाऊ शकत नाही, हळूहळू मधे साठतो. आणि वाळलेली काळी माती जितकी जास्त दाबाल तितकी ती नंतर जास्त फुगते, कारण तेवढ्याच जागेत जास्त माती कोंबलेली आणि तहानलेली. म्हणजे मी रोलर लावून फरशी मजबूत केली नाही, स्प्रिंग दाबून ठेवली होती. अर्धी फरशी स्वखर्चानं परत केली.

तर करायचं काय. फरशीखालची तीन फूट काळी काढून टाका आणि तिथं फुगत नसलेला पण थोडा चिकट मुरूम थराथरानं भरा. आय आय टी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी सत्तरच्या दशकात यावरच काम केलं, सी एन एस (चिकट पण न फुगणारा) लेअर म्हणतात, कालव्याच्या अस्तराखाली साधारण मीटरभर जाडीचा घालतात. थोडा चिकट का, तर नुसता खडबडीत मुरूम पाणी खाली सोडतो, वर लिहिलं तसा वाळूचा हौद होतो. माझी साइटवरची परीक्षा म्हणजे ओल्या मुरमाचा लाडू वळायचा, वळला पाहिजे, कंबरेइतक्या उंचीवरून पडला की फुटला पाहिजे पण पीठ व्हायला नको. लॅबमधे लिक्विड लिमिट, प्लॅस्टिसिटी आणि मघाची नळीची टेस्ट मुरमावरही करून घ्या, काही खाणींचा लालसर मुरूम स्वतःच फुगतो.

हिशोब बघा, ४० गुणिले १०० गुणिले ३, म्हणजे १२,००० घनफूट, १२० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) बसलेला. मोकळा घेताना दीडशे धरा. हायवा डंपर पाच ब्रासचा धरला तर तीसेक फेऱ्या.

आता रोलर. भाड्याचा रोलर मागितला की बऱ्याचदा डांबराचा टँडम पाठवतात, दोन्हीकडे गुळगुळीत ड्रम असलेला, तो तुमच्या कामाचा नाही. सिंगल ड्रमचा सॉईल कॉम्पॅक्टर मागा, १० टनी. खोदलेल्या तळाशी जी काळी राहील तिला पॅडफूट ड्रम पाहिजे, शेळीच्या खुरासारखे उंचवटे असतात ज्याला, चिकण मातीला ते मळून बसवतात, गुळगुळीत ड्रम नुसती वरची साय दाबतो. बऱ्याच रोलरला पॅडफूटचं कवच वरून बसवता येतं, भाडं ठरवतानाच विचारून घ्या. आणि त्या तळाला आधी पाणी पाजा, दोन-तीन दिवस हलकं भिजवून ठेवा, ओलीच हवी, फार जोरही लावायचा नाही, चार फेऱ्या बास. वर मुरूम भरताना गुळगुळीत ड्रम.

थर सैल आठ इंचाचा, जास्त नाही. डंपरवाला दोन फुटाचे ढीग टाकतो आणि वरून रोलर फिरवला की वरचे आठ-दहा इंच दगड होतात आणि खाली पोकळ राहतं. पहिली फेरी व्हायब्रेशन बंद ठेवून, मग सहा ते आठ फेऱ्या चालू करून, माणूस चालेल त्या वेगानं. शेजाऱ्याची जुनी मातीची भिंत जवळ असेल तर त्या बाजूला व्हायब्रेशन बंदच ठेवा, नाहीतर भांडण घरी येतं.

आणि पाणी. तुमचा एक थर, ४० बाय १०० बाय आठ इंच, साधारण ७५ घनमीटर, वजन ११०-११५ टन. खाणीतून आलेल्या मुरमात ओल ४ टक्के असली आणि प्रॉक्टर टेस्टनं (किती ओल असली की माती सगळ्यात घट्ट बसते ते सांगणारी लॅबची टेस्ट) १० सांगितलं असलं, तर ६ टक्के कमी, म्हणजे ६,८०० लिटर पाणी. ५,००० लिटरचा टँकर दीड. मे महिन्यात उडून जाणारं धरून दोन. एका थराला दोन टँकर, तीन फुटाला सहा-एक थर, म्हणजे बारा टँकर. तुमच्या तिन्ही मशीनवाल्यांपैकी कोणी पाण्याच्या टँकरचं नाव तरी काढलं का? काळ्या मातीच्या साइटवर टँकरच सगळ्यात महत्त्वाचं मशीन आहे आणि कोटेशनमधे तोच नसतो. पाणी संध्याकाळी मारा, रात्रभर मुरू द्या, सकाळी उजाडता रोलर फिरवा, दहा वाजता बंद करा. ओल किती झाली ते बघायला कार्बाईडचा रॅपिड मॉइश्चर मीटर मिळतो, ६ ग्रॅम माती टाकून हलवला की काटा सांगतो. नसेल तर कढई आणि वजनकाटा, ओली माती तोलायची, भाजायची, परत तोलायची.

बसलं का नाही याला ड्रायव्हरचा शब्द चालत नाही. मुरमात गोटे असतात म्हणून कोअर कटर (माती कापून काढायची नळी) नीट बसत नाही, तिथं वाळू भरून मोजायची टेस्ट, सँड रिप्लेसमेंट. समजा ओल्या मुरमाची घनता २.०५ आली आणि ओल ९ टक्के, तर कोरडी १.८८, लॅबनं कमाल १.९६ दिली असेल तर ९६ टक्के झालं. मी ९५ च्या खाली पुढचा थर टाकू देत नाही, सगळ्यात वरच्या थराला ९७ मागतो. प्रत्येक थराला तीन ठिकाणी, त्यातलं एक कॉलमला चिकटून.

कॉलमला चिकटून का, तर रोलर तिथं पोचतच नाही. कॉलमपासून, प्लिंथ बीमपासून दीड-दोन फूट पट्टा तसाच राहतो आणि पुढं फरशी नेमकी तिथंच बसते, बघा कुठल्याही गोडाऊनमधे, कॉलमभोवती चौकोनी भेग असते. त्या पट्ट्याला जंपिंग रॅमर घ्या, ६०-७० किलोचा उड्या मारणारा, आणि थर चार इंचाचा. प्लेट कॉम्पॅक्टर स्वस्त पडतो म्हणून लोक तोच आणतात, तो वाळूला, खडीला आणि पेव्हर ब्लॉकला ठीक, चिकट मुरमावर नुसता सरकत फिरतो. काही नसेल तर जुनं धुम्मस आहेच, पण धुम्मस मारणारी माणसं आता मिळत नाहीत आणि मिळाली तर दुपारपर्यंत दमतात.

मुरूम लांबून आणावा लागत असेल तर दुसरा रस्ता चुन्याचा. काळ्या मातीतच वजनाच्या ३ ते ५ टक्के चुना कालवायचा, चुन्यानं मातीचा फुगण्याचा स्वभावच मोडतो, चिकटपणा जाऊन ती भुसभुशीत होते. आणि याचं मशीन आपल्या दारात उभं आहे, ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर. मोठ्या हायवेला स्टॅबिलायझर नावाचं मशीन येतं, पण केळी-कपाशीवाल्यांचा रोटाव्हेटर तीन-चार वेळा आडवा-उभा फिरवला तर पाच-सहा इंचाचा थर चांगला मिसळतो. मिसळून ओला करून एक दिवस झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी परत रोटाव्हेटर, मग पॅडफूट. विझवलेला चुना घ्या, कळीचा चुना पाणी लागलं की उकळतो, वाऱ्यानं डोळ्यात गेला तर डोळा जातो, माणसांना गॉगल आणि पायात बूट द्या. दीपनगरची राख पण मिसळतात, भुसावळच्या औष्णिक केंद्राची, चालते, पण नुसती राख नाही, आपल्या कोळशाच्या राखेत चुना कमी असतो, सोबत चुना टाकला तरच ती धरते. तुमच्याकडे चोपण असेल, वर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते ती, तर हा प्रयोग लॅबला विचारल्याशिवाय करू नका.

शेवटचं म्हणजे बाहेरचं पाणी, हे मशीनचं नाही तरी लिहितो. गोडाऊनभोवती पाच फुटाचा पक्का उतार, पागोळीचं पाणी पन्हळीतून लांब, संडासचा शोषखड्डा भिंतीपासून शक्य तितका दूर, आणि सावलीसाठी भिंतीला लागून निलगिरी लावू नका, ती उन्हाळ्यात खालचा ओलावा ओढून एक बाजू आकसवते.

वेळेचं बघा, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी खड्डे आणि टेस्ट झाल्या पाहिजेत, आखाजीला माणसं चार-पाच दिवस मिळत नाहीत हे तुम्हाला माहीतच आहे. त्यानंतर पाईल, आणि मुरमाचा भराव मृगाच्या आत संपत नसेल तर अर्धवट खोदून ठेवू नका, त्या तीन फुटाच्या खड्ड्यात पाणी साचलं तर पुढचे दोन महिने चिखलच तुडवाल, त्यापेक्षा फरशी दिवाळीनंतर करा. तीन खड्ड्यात मुरूम किती फुटावर लागला आणि नळ्यांमधे आकडे काय आले ते लिहा, मग पाईल किती आणि किती खोल ते बघू. मातीचा फोटो नका पाठवू भो, फोटोत सगळीच काळी दिसते.